फ्लॉरेन्स (अ‍ॅरिझोना): माळवदाची घरं, रंगवलेलं घड्याळ आणि एक 'पारशी' टेकडी

सोलापुरी_चादर

आई फेब्रुवारीत आमच्याकडे चँडलरला आली होती. ग्रँड कॅन्यन झालं, सेडोना झालं. सगळीकडे तिचा शेरा एकच, "छान आहे." शेजारणीने नवे पडदे लावल्यावर ती ज्या आवाजात म्हणते, अगदी त्याच आवाजात. शेवटचा शनिवार उरला होता आणि लांब जायचा कुणाला उत्साह नव्हता, म्हणून तिला तासाभरावरच्या फ्लॉरेन्सला घेऊन गेलो. तिथे दर वर्षी फेब्रुवारीत एक दिवस जुनी घरं लोकांना बघायला उघडतात. अशाच एका घरात शिरलो तर ही छताकडे बघत उभीच. मागे रांग खोळंबली तरी हलेना. मग मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "अरे, हे तर माळवद आहे!"

माळवद म्हणजे आपल्याकडचं लाकूड-मातीचं सपाट छत. म्हणून हा धागा.

फ्लॉरेन्स हे पिनाल काउंटीचं मुख्य ठिकाण. आपल्याकडे जिल्ह्याच्या गावात जे जे असतं ते सगळं तिथे आहे: कचेऱ्या, कोर्ट, तुरुंग. फिनिक्सपासून आग्नेयेला साधारण शंभर किलोमीटरवर, हिला नदीच्या दक्षिण काठी. नदी म्हणजे बहुतेक वेळा वाळूच. १८६६ मध्ये लेव्ही रगल्स नावाच्या माणसाने गाव वसवलं. तो सरकारचा 'इंडियन एजंट', म्हणजे मूळनिवासी जमातींशी व्यवहार बघायला नेमलेला अधिकारी. १८७५ मध्ये पिनाल काउंटी झाली आणि कचेरी इथे आली. त्याच वर्षी पलीकडच्या डोंगरात सिल्व्हर किंग नावाची चांदीची खाण सापडली. खाणवाल्यांना लागणारं सामान फ्लॉरेन्समधून जायचं, त्यामुळे गावात पैसा खेळायला लागला. दुकानं आली, दारूचे गुत्ते आले, वकील आले.

सुरुवातीची घरं मेक्सिकोतल्या सोनोरा भागाच्या धाटणीची आहेत. भिंती थेट रस्त्याला लागून, पुढे ओटा नाही की कुंपण नाही, अंगण सगळं मागे. भिंती न भाजलेल्या विटांच्या, म्हणजे आपल्या भेंड्यांच्या, आणि चांगल्या हात-दीड हात जाड. वर गोल तुळया, तुळयांवर आडव्या काटक्या, त्यावर मातीचा थर. इथे काटक्यांच्या जागी 'सवारो' निवडुंगाच्या वाळलेल्या आतल्या दांड्या वापरलेल्या दिसतात. आईने बोट दाखवून एकेक सांगितलं: ही तुळई, हे किलचन, ही माती, ते पन्हाळं. तिथली स्वयंसेवक बाई थक्क. मी दुभाषा. बाईंनी पुढच्या गटाला तेच सांगताना आईकडे बघून मान हलवली, तेव्हा आईचा चेहरा बघण्यासारखा होता.

दोन जुन्या कोर्टांचं सांगायला हवं. पहिलं कोर्ट १८७८ चं, मातीचंच. १८९१ मध्ये दुसरं बांधलं, लाल विटांचं, मनोऱ्याचं, थाटामाटाचं. वास्तुविशारद जेम्स क्रेटन. मनोरा उभा राहिला आणि घड्याळाला पैसे उरले नाहीत. मग काय करायचं? तबकड्या बसवल्या आणि काटे रंगवून टाकले! तेव्हापासून फ्लॉरेन्समध्ये पावणेबाराला एक मिनिट कमी आहे. सरकारी कचेरीत जेवणाच्या सुट्टीची वेळ कायमची जवळ आलेली, यावर आम्ही परतताना गाडीत भरपूर हसलो.

तुमच्यापैकी कुणी गेलंय का? माझे दोन प्रश्न. एक, मातीची घरं दीडशे वर्षं टिकवतात कशी? आणि दोन, गावाच्या उत्तरेला नदीपलीकडे एका बोडक्या टेकडीवर पिरॅमिड दिसतो, तो काय प्रकार आहे? आई दमली होती म्हणून वर गेलो नाही.

निवांत

मस्त! काकूंना नमस्कार सांगा. पुढच्या वेळी फोटो टाका.

आडगावचा_तात्या

दीडशे वर्षांच्या घरांचं एवढं कौतुक! आमच्या गावात तीनशे वर्षांचे वाडे पडले, कुणी पाहिलंही नाही. अमेरिकनांना इतिहास नाही म्हणून ते मातीच्या चार भिंतींना तिकीट लावतात. आपल्याकडे इतिहास उतू चाललाय म्हणून आपण त्यावर संडासाच्या टाक्या बांधतो.

उंटाचं_पिल्लू

तात्या, अमेरिकेला इतिहास नाही हे वाक्य अ‍ॅरिझोनात म्हणू नका. फ्लॉरेन्सपासून पंधरा-सोळा किलोमीटरवर, कूलिज गावात, कासा ग्रांदेचे अवशेष आहेत. होहोकाम लोकांनी साधारण चौदाव्या शतकात बांधलेली चार मजली मातीची इमारत. तीही भेंड्यांची नव्हे, कॅलिची म्हणजे चुनखडीमिश्रित माती कालवून थरावर थर चढवलेली. त्या लोकांनी नदीवरून मैलोगणती कालवे खोदले होते, तेही नांगर नाही, बैल नाही, धातूची कुदळ नाही अशा काळात. १८९२ मध्ये ही अमेरिकेतली पहिली संरक्षित पुरातत्त्वीय जागा ठरली. त्यावर आता जे भलंमोठं पोलादी छप्पर आहे ते १९३२ चं. दुरून बघितलं तर पेट्रोलपंपावर कुणीतरी किल्ला आणून ठेवलाय असं वाटतं, पण त्या छपरामुळेच तो उभा आहे.

फ्लॉरेन्स बघायला गेलात तर हेही त्याच दिवशी करा. आधी हे बघा, मग गाव. उलट केलंत तर गाव फार जुनं वाटून बसतं.

गिलावा

सोलापुरी, तुमच्या पहिल्या प्रश्नावर लिहितो. माझं काम जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं. मराठवाड्यात बारा वर्षं केलं, सध्या टूसॉनला आहे. दोन्हीकडची माती हातात घेतलीय.

मातीच्या भिंतीला उन्हाचं काही नाही, वाऱ्याचंही फारसं नाही. तिचा वैरी पाणी, वरून येणारं आणि तितकंच खालून चढणारं. जमिनीतली ओल भिंतीत वर शोषली जाते. भिंत उघडी असेल किंवा तिला मातीचा, चुन्याचा गिलावा असेल तर ती ओल बाहेर उडून जाते. भिंत श्वास घेते म्हणा ना.

आता विसाव्या शतकात काय झालं? सिमेंट स्वस्त झालं. लोकांना वाटलं, दर दोन-तीन वर्षांनी गिलावा करण्यापेक्षा एकदाच तारेची जाळी ठोकू, सिमेंट मारू, कटकट मिटली. फ्लॉरेन्सला, टूसॉनला, सगळीकडे हेच केलं. सिमेंटच्या आत ओल कोंडली. भिंत बाहेरून खणखणीत आणि आतून चिखल. क्षार साचतात, आपण ज्याला लोणा म्हणतो तो पायथ्याला लागतो, माती भुसभुशीत होऊन गळते आणि भिंतीच्या तळाशी खोबण पडते. जमिनीपासून पहिला वीतभर भाग पोखरला जातो, आणि वरचा काही टनांचा बोजा त्या पोखरलेल्या पट्ट्यावर उभा. घरमालकाला काहीच दिसत नाही कारण सिमेंटचं कवच जागेवर असतं. मग एखाद्या पावसाळ्यात भिंत बसते.

त्यामुळे आता तिथे उलटा प्रवास चाललाय. सिमेंट खरवडून काढायचं, सडलेले भेंडे काढून त्याच जातीच्या मातीचे नवे बसवायचे, चुन्याचा किंवा मातीचा गिलावा करायचा, आणि मुख्य म्हणजे भिंतीलगतची फरशी, फुलझाडांचे वाफे, नळाची गळती हे सगळं लांब करायचं. हे शेवटचं लोकांना फार जड जातं. भिंतीला लागून गुलाब हवा असतो!

छताचं. मूळ मातीचं माळवद तिथे आता फार थोड्या घरांवर उरलंय. आगगाडी आल्यावर कापीव लाकूड आणि पत्रे स्वस्त झाले, तेव्हा बऱ्याच घरांवर आधीचं माळवद तसंच ठेवून त्यावर उतरतं छप्पर चढवलं. बाहेरून बघाल तर कौलारूच्या आकाराचं पत्र्याचं घर, आत मान वर केलीत तर तुळया. तुमच्या आईंनी मान वर केली म्हणून त्यांना दिसलं.

आपल्याकडे लातूर-धाराशिवकडे १९९३ च्या भूकंपानंतर माळवदाचं घर म्हणजे मरण असं समीकरण झालं, ते का झालं हे समजण्यासारखं आहे. दरवर्षी वर माती टाकत जायची, काढायची कुणी नाही. छताची जाडी वाढत गेली आणि खाली दगड-मातीच्या जाड पण एकमेकांत न गुंतलेल्या भिंती. फ्लॉरेन्सला पाऊस वर्षाला जेमतेम अडीचशे मिलिमीटर, भूकंपाचा धोकाही कमी. तेव्हा "ते टिकवतात, आपण नाही" अशी थेट तुलना करताना जरा जपून.

आडगावचा_तात्या

गिलावासाहेब, पटलं. पण मुद्दा इच्छाशक्तीचाही आहे की नाही? आमच्या वाड्यात बारा वाटेकरी, त्यातले सात पुण्यात, दोन अमेरिकेत (इथेच असतील कदाचित, वाचत असाल तर फोन उचला). दुरुस्तीला कुणी दमडी देत नाही, विकायला सही देत नाही. त्यांच्याकडे काय कायदा आहे?

गिलावा

तात्या, त्यांच्याकडेही जादूची कांडी नाही. फ्लॉरेन्सचा जुना भाग १९८२ मध्ये ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत गेला. शंभरावर इमारती त्यात आहेत. पण लोकांचा एक गैरसमज असतो: त्या वहीत नाव गेलं म्हणून घर पाडता येत नाही असं नाही. मालकाने स्वतःच्या पैशाने पाडलं तर वॉशिंग्टनहून कुणी येत नाही. खरा लगाम गावाच्या स्वतःच्या नियमांचा. फ्लॉरेन्सने जुन्या भागासाठी वेगळे नियम आणि वेगळी समिती केलीय, दर्शनी बदल त्यांना दाखवावे लागतात. आणि आमिष म्हणून राज्याची करसवलत आहे. नोंदणी झालेलं राहतं घर नीट ठेवलंत तर मालमत्ता कर जवळजवळ निम्मा होतो. काठी आणि गाजर दोन्ही.

बारा वाटेकऱ्यांवर मात्र कुठल्याच देशात औषध नाही.

सईबाई

मला एक गोष्ट वेगळी वाटते. फ्लॉरेन्स जपलं गेलं ते कुणी जपायचं ठरवलं म्हणून नाही. आधीची शंभर वर्षं ते राहून गेलं. सदर्न पॅसिफिक रेल्वे १८७९-८० मध्ये दक्षिणेकडून कासा ग्रांद गावावरून (वरच्या अवशेषांची जागा नव्हे, त्या नावाचं वेगळं गाव) निघून गेली. फ्लॉरेन्सकर बघत बसले. त्यांच्याकडे रूळ आले ते १९०४ मध्ये. तोवर चांदी संपली होती, सिल्व्हर किंग १८८८ च्या सुमारास बंद पडली. ज्या गावाकडे पैसा असतो ते गाव जुनं पाडून नवं बांधतं. फिनिक्सने तेच केलं. फिनिक्समध्ये मातीची किती घरं उरली?

मग गाव ओसाड का नाही पडलं? शेजारचं अ‍ॅडम्सव्हिल त्याच सुमारास वसलं आणि पार नामशेष झालं. फ्लॉरेन्सला दोन गोष्टींनी तारलं. एक म्हणजे कचेरी. जिल्ह्याचं गाव असलं की कितीही पडता काळ आला तरी सातबारा काढायला माणूस येतोच, चहा पिऊन जातोच. दुसरी गोष्ट म्हणजे तुरुंग. यूमाचा जुना तुरुंग अपुरा पडला तेव्हा नवा फ्लॉरेन्सला बांधायचं ठरलं. १९०८-०९ मध्ये कैद्यांनी स्वतःच बांधला आणि १९०९ मध्ये यूमाचे सगळे कैदी इकडे आणले.

तुरुंगाची नोकरी गावाला शंभर वर्षं पुरली. ही बाजू सोडून नुसती माळवदं बघून परत येणं मला तरी अवघड जातं. तुम्ही हायवे ७९ ने गेला असाल तर पाटी दिसली असेल, "राज्य तुरुंग, लिफ्ट मागणाऱ्यांसाठी थांबू नका."

सोलापुरी_चादर

दिसली! आईने विचारलं काय लिहिलंय, मी म्हटलं गाडी हळू चालवा.

निवांत

२०१० च्या जनगणनेत फ्लॉरेन्सची लोकसंख्या साडेपंचवीस हजार होती आणि त्यात अर्ध्याहून जास्त कैदी. म्हणजे मेन स्ट्रीट एवढी रिकामी का वाटते ते कळलं असेल.

गोधडी

सईबाई +१. थोडी भर. दुसऱ्या महायुद्धात फ्लॉरेन्सला युद्धकैद्यांची मोठी छावणी होती, आधी इटालियन, मग जर्मन. आजूबाजूच्या शेतांत कापूस वेचायला ते कैदी जात. त्याच परिसरात पुढे इमिग्रेशनचं डिटेन्शन सेंटर आलं, ते आजही आहे. जुन्या तुरुंगातले कैदी २०२२ मध्ये हलवले, पण बाकीचे तुरुंग गावात चालू आहेत. थोडक्यात, या गावाचा खरा जुना धंदा कोंडून ठेवण्याचा.

काउंटीच्या संग्रहालयात गेला होतात का? काटेरी तारांचे शेकडो नमुने आहेत, निवडुंगाच्या लाकडाचं फर्निचर आहे, आणि एका भिंतीवर फाशीचे दोर आहेत, प्रत्येकात त्या-त्या कैद्याचा फोटो. त्यात एक बाई आहे, ईव्हा डुगन, १९३० मध्ये फाशी दिलेली. ती फाशी इतकी भयानक झाली की राज्याने फाशी सोडून विषारी वायूची कोठडी आणली. लहान मुलं बरोबर असतील तर तो भाग टाळा. माझ्या मुलीने रात्री दोन वाजता प्रश्न विचारले.

उंटाचं_पिल्लू

आणि बाईंचा विषय निघालाच आहे तर पर्ल हार्ट राहिली. ३० मे १८९९, ग्लोब ते फ्लॉरेन्स जाणारी घोडागाडी तिने आणि जो बूट नावाच्या माणसाने लुटली. केस कापलेले, पुरुषी कपडे, आणि लुटल्यावर प्रत्येक उतारूला एकेक डॉलर परत दिला म्हणे, वाटेत खायला. खटला फ्लॉरेन्सलाच चालला. ज्युरीने तिला निर्दोष सोडलं! न्यायाधीश इतके भडकले की दुसऱ्या आरोपाखाली तिला पुन्हा उभी केली आणि पाच वर्षांसाठी यूमाला धाडली. १९०२ मध्ये माफी मिळाली.

गोष्ट रंगतदार आहे, पण फ्लॉरेन्सला भेटवस्तूंच्या दुकानांत तिचे एवढे फोटो बघितले की मला तिचा कंटाळा आला.

सईबाई

कंटाळा आला ना? कारण 'वाइल्ड वेस्ट'च्या गोष्टीत सगळं असतं, पाणी नसतं. त्याबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून मीच लिहिते.

हिला नदीवर शतकानुशतकं शेती करणारे लोक म्हणजे अकिमेल ओओधाम. त्यांच्या भाषेत नावाचा अर्थच 'नदीचे लोक'. कासा ग्रांदे बांधणाऱ्यांना ते आपले पूर्वज मानतात. कॅलिफोर्नियाच्या सोन्याकडे धावणारे हजारो लोक याच वाटेने गेले आणि ओओधामांचा गहू विकत घेऊन जगले. मग फ्लॉरेन्सचे वसाहतकार वरच्या अंगाला आले. १८८० च्या दशकाच्या शेवटी फ्लॉरेन्स कालवा झाला. नदी वरच वळवली गेली आणि खाली ओओधामांची शेतं वाळली. पिढ्यान्‌पिढ्या धान्य विकणारी जमात सरकारी शिध्यावर आली. आज त्यांच्यात मधुमेहाचं प्रमाण जगात सर्वाधिक असलेल्यांपैकी आहे, आणि शेती आणि पारंपरिक आहार तुटणं हे त्यामागचं एक मोठं कारण मानतात.

१९३० मध्ये वर कूलिज धरणाचं उद्घाटन झालं, तेही या जमातीला पाणी द्यायचं असं सांगूनच. पाणी तरी पुरेसं आलं नाही. शेवटी २००४ च्या कायद्याने हिला रिव्हर जमातीला वर्षाला ६,५३,५०० एकर-फूट पाण्याचा हक्क मिळाला. आपल्या हिशेबात साधारण २८ टीएमसी. सोलापुरी, तुमच्यासाठी सांगते, उजनीच्या उपयुक्त साठ्याच्या निम्म्याहून थोडं जास्त. सव्वाशे वर्षांनी!

ती वाळूची नदी बघून आपण "वाळवंटच ते, नदी कोरडी असणारच" म्हणतो. ती कोरडी नव्हती.

सोलापुरी_चादर

सईबाई, उजनीचं उदाहरण दिल्याबरोबर पोटात गेलं. टेल-एन्डचा, कालव्याच्या शेवटच्या टोकाचा माणूस म्हणजे काय हे आम्हाला कुणी शिकवायला नको. मी धाग्याच्या सुरुवातीला "नदी म्हणजे बहुतेक वेळा वाळूच" असं फार सहज लिहून गेलो.

आडगावचा_तात्या

टेकडी राहिली. पिरॅमिड कुणाचा?

पेस्तनजी_नव्हे

टेकडीसाठीच खाते उघडलं. (नाव बघून विचारू नका. आई पारशी, बाबा कोकणस्थ. घरात धानसाक आणि उकडीचे मोदक दोन्ही.)

टेकडीचं नाव पोस्टन बट. चार्ल्स पोस्टन हा मूळचा केंटकीचा, अ‍ॅरिझोनाला वेगळा प्रदेश म्हणून मान्यता मिळवण्यात पुढे होता आणि अमेरिकन काँग्रेसमधला त्या प्रदेशाचा पहिला प्रतिनिधी. त्याला 'अ‍ॅरिझोनाचा जनक' म्हणतात. निवडणूक हरल्यावर तो जग फिरायला निघाला, हिंदुस्थानात आला, आणि आमच्या लोकांच्या प्रेमात पडला. पारशांवर पुस्तक लिहिलं. पुढे १८७० च्या दशकाच्या शेवटी त्याला फ्लॉरेन्सला सरकारी जमीन कचेरीत नोकरी मिळाली. केवढी ही उतरण! देशाच्या राजधानीत बसलेला माणूस आता मातीच्या गावात दाखले लिहितोय.

गावातून ती टेकडी दिसायची. तिच्या माथ्यावर त्याला प्राचीन सूर्यपूजकांच्या खुणा आहेत असं वाटायला लागलं. मग त्याने स्वतःच्या खर्चाने वरपर्यंत रस्ता करवला, माथ्यावर अग्नी पेटवला आणि तिथे सूर्यमंदिर बांधायचं ठरवलं. पैशासाठी इराणच्या शहाला पत्र लिहिलं! उत्तर आलं नाही. अग्नी काही काळाने विझला. गावकरी टेकडीला 'पोस्टनचा वेडेपणा' म्हणायला लागले. काही जण 'पारसी हिल' म्हणत.

आता आमच्या घरातला यावरचा वाद. माझी आई म्हणते बिचारा. आजी (वय ८८, ग्रँट रोड) म्हणाली, "आपण सूर्यपूजक कधीपासून झालो? अग्नी हे चिन्ह आहे, देव नाही. आणि अग्नी विझतो का?" तिचा मुद्दा असा की उदवाड्याचा इराणशाह १७४२ पासून तिथे तेवतोय, कारण त्याला दिवसातून पाच वेळा लाकूड देणारं कुणीतरी कायम असतं. पोस्टनकडे रस्ता होता, टेकडी होती, लाकूड घालणारा माणूस नव्हता. आजीच्या मते तो धर्म नव्हे, हौस.

पोस्टन १९०२ मध्ये फिनिक्सला अगदी कंगाल अवस्थेत वारला. शेवटी अ‍ॅरिझोना प्रदेशाच्या सरकारने महिन्याला पंचवीस डॉलर पेन्शन लावली होती. १९२५ मध्ये कुणाला तरी त्याची इच्छा आठवली आणि त्याचे अवशेष आणून माथ्यावर पुरले, वर तो दगडी पिरॅमिड.

आणि त्याच्या नावाचं अजून एक ठिकाण आहे, पश्चिमेला कोलोरॅडो नदीजवळ. महायुद्धात जपानी वंशाच्या अमेरिकन लोकांना जिथे कोंडलं त्या छावणीचं नाव पोस्टन. सईबाई, तुमच्या यादीत टाका.

गोधडी

आजींना साष्टांग. "धर्म नव्हे, हौस" हे मी मंडळाच्या सभेत वापरणार आहे.

निवांत

वर चढायला वाट आहे का?

पेस्तनजी_नव्हे

आहे. छोटीच आहे पण खडबडीत, सावली शून्य. चपला घालून जाऊ नका. मे ते सप्टेंबर विसराच, पारा सहज ४३ च्या वर जातो. पहाटे गेलात तर माथ्यावरून एका बाजूला नदीचं कोरडं पात्र, दुसऱ्या बाजूला कोर्टाचा मनोरा दिसतो. पायथ्याजवळ तांब्याच्या खाणीचं काम आहे. जमिनीत आम्ल सोडून तांबं विरघळवून वर काढायची पद्धत. गावाने ती थांबवायला वर्षानुवर्षं कोर्टकचेरी केली, पण थांबली नाही.

उंटाचं_पिल्लू

सोलापुरी, मातीचं जुनं कोर्ट आतून बघितलंत का? ते आता मॅकफार्लंड स्टेट हिस्टॉरिक पार्क आहे. १८९१ मध्ये नवं कोर्ट झाल्यावर जुन्यात काउंटीचं हॉस्पिटल आलं आणि १९३८ पर्यंत चाललं. अर्नेस्ट मॅकफार्लंड म्हणजे सिनेटर, गव्हर्नर आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश, तिन्ही झालेला माणूस; महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना शिक्षण आणि घरासाठी मदत देणाऱ्या कायद्याच्या कर्त्यांपैकी एक. त्याची सुरुवातीची वर्षं या काउंटीतच गेली. १९७४ मध्ये त्याने ही इमारत विकत घेतली आणि राज्याला देऊन टाकली.

आत गेल्यावर जिथे कोठडी होती तिथे जरा थांबा. १८८३ मध्ये जमावाने दरोड्याच्या दोन संशयितांना इथेच लटकवलं, खटला चालायच्या आधी. आणि पुढे त्याच भिंतींमध्ये बाळंतपणं झाली.

गिलावा

त्या इमारतीत भिंतीचा एक तुकडा उघडा ठेवलेला दिसला तर नीट बघा. भेंड्यात गवताच्या काड्या दिसतात, कधी कुठे मडक्याचं खापर. आसपासची माती घेतली की आसपासचा इतिहासही विटेत येतो. पैठणला तर भेंड्यात सातवाहनांची खापरं निघायची, गवंडी फेकून द्यायचे.

आडगावचा_तात्या

गिलावासाहेब, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे. वाड्याच्या पायथ्याला सिमेंट मारलंय, माझ्याच वडिलांनी, १९८७ मध्ये. बघून सांगा.

गिलावा

बघितले फोटो. आधी भिंतीलगतची फरशी उखडा आणि छपराचं पाणी भिंतीपासून दूर काढा. सिमेंट एकदम काढू नका, एका वेळी दोन-तीन फूट, आणि आधी आत टेकू द्या. पावसाळ्यानंतर सुरू करा. वाटेकऱ्यांची सही लागणार नाही, ही दुरुस्ती आहे.

आडगावचा_तात्या

:) शेवटचं वाक्य सोन्याचं.

सोलापुरी_चादर

एवढा ऐवज जमेल असं वाटलं नव्हतं. काल आईला फोनवर सगळा धागा वाचून दाखवला. पेस्तनजी_नव्हे यांच्या आजीबाई तिला फार आवडल्या. उजनीवर ती बराच वेळ काही बोलली नाही.

तिचा एकच प्रश्न आहे, तो इथे टाकायला सांगितलाय. "त्या माळवदाला साणं नव्हतं. मग चुलीचा धूर जायचा कुठून?" मी म्हटलं माहीत नाही. म्हणाली, एवढे शिकलेले लोक आहेत तिथे, विचार.

गिलावा

काकूंची नजर पक्की आहे. सोनोरी घरात खोलीच्या कोपऱ्यात धुराडं असायचं, ते भिंतीतून वर जातं. पण ते थंडीच्या शेकोटीपुरतं. रोजचा स्वयंपाक मागच्या अंगणात, काटक्यांच्या मांडवाखाली. उन्हाळ्यात झोपायचेही तिथेच, बाजा टाकून.

सोलापुरी_चादर

सांगितलं. म्हणाली, "मग बरोबर आहे."